मोठ्या आतड्याची शिदोरी : प्रीबायोटिक कर्बोदके आहारात कशी आणावीत

आपण खाल्लेल्या अन्नाचा बहुतेक भाग लहान आतड्यात पचतो आणि रक्तात शोषला जातो. तिथे जे पचत नाही ते पुढे मोठ्या आतड्यात सरकते, आणि तिथल्या जिवाणूंचे पोट या उरलेल्या भागावरच चालते. प्रीबायोटिक कर्बोदकांचा सगळा विषय या उरलेल्या भागाचा आहे. एरवी एखादा पदार्थ पचायला हलका आहे का, असे आपण विचारतो. इथे मात्र न पचण्यालाच मोल आहे, आणि म्हणूनच प्रमाण चुकले की त्रासही याच गुणामुळे होतो. हा लेख वाचून उद्यापासून काही बदल करायचा असेल तर घाई करू नये, एवढे सुरुवातीलाच सांगतो; कारण पुढे दिलेल्या पायऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक पायऱ्या वेग आवरण्याच्याच आहेत.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

प्रोबायोटिक म्हणजे बाहेरून पोटात घेतलेले जिवंत उपकारक जिवाणू, आणि प्रीबायोटिक म्हणजे आतड्यात आधीपासून वस्तीला असलेल्या जिवाणूंचे खाद्य. हा दुसरा शब्द ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रोबरफ्रॉइड यांनी १९९५ मध्ये मांडला. या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये व्याख्या नव्याने लिहिली. तिचा आशय असा की, शरीरातील सूक्ष्मजीव ज्याचा निवडकपणे वापर करतात आणि त्या वापरातून ज्याचा आरोग्याला लाभ होतो, तो पदार्थ प्रीबायोटिक. यातला ‘निवडकपणे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जे खाद्य सगळ्याच जिवाणूंना सारखेच फावते, त्याला हे नाव लागत नाही.

त्यामुळे प्रत्येक तंतुमय पदार्थ प्रीबायोटिक ठरत नाही. पालेभाज्यांच्या देठांतील सेल्युलोज माणसाच्या आतड्यात फारसे आंबत नाही. त्याने मळाचे आकारमान वाढते, आणि तेही उपयोगाचेच आहे. इसबगोलाचेही साधारण तसेच: तो पाणी धरून ठेवतो, शौचाला साफ व्हायला मदत करतो, पण जिवाणूंच्या हाती त्यातले फारसे लागत नाही. ज्यांच्याबद्दल सर्वाधिक पुरावा आहे अशी प्रीबायोटिक कर्बोदके म्हणजे इन्युलिन, त्याच कुळातील आखूड साखळ्यांचे फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड, गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड आणि औषध म्हणूनही दिले जाणारे लॅक्ट्युलोज. न पचणारा स्टार्च, ओट्स व बार्लीतील बीटा-ग्लुकन आणि फळांतील पेक्टिन यांना हे नाव द्यावे की नाही यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण जेवणाचे ताट आखताना त्यांना बाहेर ठेवण्याचे काही कारण मला दिसत नाही.

एका साखळीचा प्रवास

इन्युलिनचा रेणू म्हणजे फ्रुक्टोजच्या मण्यांची माळ. माळेत दोनपासून साठेकपर्यंत मणी असतात आणि बहुधा एका टोकाला ग्लुकोजचा एक मणी असतो. दोन मण्यांमधली गाठ अशा प्रकारची असते की ती सोडवणारे विकर (एन्झाइम) माणसाच्या शरीरात तयारच होत नाही. त्यामुळे ही माळ जठरातून आणि लहान आतड्यातून जवळजवळ जशीच्या तशी पार होते.

मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला तिची गाठ बिफिडोबॅक्टेरियांशी पडते. हे जिवाणू आखूड माळा सबंधच्या सबंध पेशीच्या आत ओढून घेतात आणि तिथे त्यांचे तुकडे करतात, म्हणजे बाहेर सांडलवंड होत नाही आणि शेजाऱ्यांना फुकटचे काही मिळत नाही. वर सांगितलेला निवडकपणा येतो तो इथून. खूप लांब माळा मात्र त्यांना सहसा झेपत नाहीत. त्या इतर जिवाणू बाहेरच तोडतात आणि मग तुकड्यांवर बरेच जण जगतात.

बिफिडोबॅक्टेरिया या साखरेपासून मुख्यतः अ‍ॅसिटेट आणि लॅक्टेट बनवतात. ज्याच्यामुळे प्रीबायोटिकांचा एवढा बोलबाला झाला ते ब्युटिरेट त्यांना स्वतःला बनवता येत नाही. तरीही इन्युलिन खाल्ल्यावर ब्युटिरेट वाढू शकते, कारण एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याचा कच्चा माल होतो. फीकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झी हा जिवाणू अ‍ॅसिटेट उचलतो, अ‍ॅनेरोस्टाइप्स कुळातले काही जण लॅक्टेट उचलतात, आणि दोघेही ब्युटिरेट बाहेर टाकतात. मोठ्या आतड्यात तयार होणाऱ्या लघुशृंखल मेदाम्लांत अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट यांचे प्रमाण ढोबळमानाने ६०:२०:२० असे धरतात. यातल्या लहान वाटेकऱ्यांपैकी एकावर, म्हणजे ब्युटिरेटवर, आतड्याच्या अस्तरातील पेशी आपली सुमारे ७० टक्के ऊर्जा भागवतात.

या पेशी ब्युटिरेट जाळताना भरपूर ऑक्सिजन वापरतात, त्यामुळे आतड्याच्या पोकळीत तो फारसा झिरपत नाही, आणि ज्यांना ऑक्सिजन सोसत नाही अशा उपकारक जिवाणूंना ती जागा मानवते. म्हणजे जिवाणू अस्तराला पोसतात आणि अस्तर जिवाणूंचे घर राखते. याशिवाय मेदाम्लांमुळे आतले वातावरण किंचित आंबट राहते आणि काही उपद्रवी जिवाणूंची वाढ मंदावते. खाद्य तुटले तर काय होते याची झलक उंदरांवरच्या प्रयोगांत दिसली आहे: तंतुमय आहार बंद केल्यावर काही जिवाणूंनी अस्तरावरच्या श्लेष्म्याचाच फडशा पाडायला सुरुवात केली आणि तो थर पातळ झाला.

मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. आखूड साखळ्या त्याच्या पहिल्या टप्प्यातच झपाट्याने आंबून संपतात, आणि लांब साखळ्या व न पचणारा स्टार्च तुलनेने पुढे जाऊन हळूहळू आंबतात. शेवटच्या टप्प्यापर्यंत कर्बोदक पोहोचलेच नाही, तर तिथले जिवाणू प्रथिनांकडे वळतात आणि अमोनिया, फिनॉल, सल्फाइड अशी संयुगे वाढतात. बाजारात मिळणारी इन्युलिनची एकच पूड रोज खाण्यापेक्षा निरनिराळ्या लांबीची मिश्र शिदोरी बरी, असे मी म्हणतो ते यामुळे.

निसर्गाने ही युक्ती फार पूर्वीच वापरली आहे. एक लिटर मातेच्या दुधात साधारण ५ ते १५ ग्रॅम अशा ऑलिगोसॅकराइड असतात, त्यांच्या दोनशेहून अधिक रचना ओळखल्या गेल्या आहेत, आणि बाळाला त्या पचवताच येत नाहीत. त्या त्याच्या आतड्यातील बिफिडोबॅक्टेरियांसाठी असतात. हेन्री तिसिए यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अंगावर पिणाऱ्या बाळांच्या मळातच हे जिवाणू प्रथम सापडले, यात म्हणूनच नवल नाही.

पहिली पायरी : आठवडाभर काहीही न बदलता नोंद ठेवा

वहीच्या एका पानावर चार रकाने आखावेत: काय खाल्ले, शौच केव्हा आणि कसे झाले, पोट फुगले का, झोप कशी लागली. सात दिवस आहारात काडीचाही फरक करू नये. ही पायरी सगळ्यांना कंटाळवाणी वाटते आणि बहुतेक जण ती गाळतात. मग तीन आठवड्यांनी पोट गुबारले की ते नव्या पदार्थामुळे की आधीपासूनच तसे होते, हे सांगता येत नाही. मळाचे वर्णन घट्ट, नीट, सैल एवढ्या तीन शब्दांत केले तरी पुरते.

दुसरी पायरी : पाया तपासा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या शिफारशीनुसार प्रौढांनी अन्नातून दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ घ्यावेत. नोंदवहीवरून अंदाज काढावा. आकडा दहा-बाराच्या आसपास असेल तर डबाबंद पूड विकत घेण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा आणि आधी सालीसकट धान्य, डाळी, भाज्या आणि फळे वाढवावीत. पाया नसताना वरून इन्युलिन ओतणे म्हणजे एकाच शेजाऱ्याला जेवायला बोलावून उरलेली आळी उपाशी ठेवण्यासारखे आहे.

तिसरी पायरी : उगम निवडा

लसूण आणि कांदा हे फ्रुक्टनांचे, म्हणजे इन्युलिन आणि त्याच्या कुळातील फ्रुक्टोजच्या माळांचे, सर्वांत हाताशी असणारे स्रोत. वाळलेल्या लसणाच्या वजनाचा मोठा भाग त्यांचाच असतो. कारखान्यात इन्युलिन काढले जाते ते प्रामुख्याने चिकोरीच्या मुळापासून. गव्हात फ्रुक्टनांचे प्रमाण कमी, जेमतेम काही टक्के असते. तरीही अमेरिकी आहाराच्या १९९९ मधील एका विश्लेषणात इन्युलिन आणि त्याच्याच कुळातील ऑलिगोफ्रुक्टोजचा सुमारे ७० टक्के वाटा गव्हातून आणि पाव वाटा कांद्यातून येतो असे दिसले. कशात सर्वाधिक आहे याच्या याद्या पाहताना हे ध्यानात ठेवावे. महिन्यातून एकदा खाल्ल्या जाणाऱ्या श्रीमंत पदार्थापेक्षा रोज पोटात जाणारा साधा पदार्थ जिवाणूंच्या दृष्टीने मोठा असतो.

दुसरा गट कडधान्ये आणि डाळींचा. त्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा शर्करा असतात. त्या फोडणारे विकरही आपल्याकडे नाही. तिसरा गट न पचणाऱ्या स्टार्चचा: हिरवट केळे, अखंड दाणे, आणि शिजवून गार केलेला बटाटा किंवा भात. रुमिनोकॉकस ब्रोमिआय हा जिवाणू या स्टार्चचे कडे फोडण्यात पटाईत आहे, आणि तो नसला तर बाकीच्यांना बराचसा स्टार्च हातीच लागत नाही. एखाद्याला न पचणाऱ्या स्टार्चचा गुण येतो आणि दुसऱ्याला येत नाही, याचे एक कारण हा एकटा जिवाणू असू शकतो.

तिन्ही गटांतला एकेक पदार्थ आठवड्यात फिरून यावा, एवढा नेम पुरेसा आहे.

चौथी पायरी : स्वयंपाकात काय जपावे, काय घालवावे

उकडलेला बटाटा गरम असताना चमच्याने सहज कुस्करला जातो. तोच रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला तर सकाळी सुरीखाली घट्ट लागतो आणि त्याच्या फोडी धारदार पडतात. हा फरक बोटांना कळतो. शिजताना स्टार्चची सैल झालेली रचना गार होताना पुन्हा बांधली जाते, आणि तिचा काही भाग इतका घट्ट होतो की पाचक विकरांना दाद देत नाही. नंतर हलके गरम केले तरी त्यातला बराचसा टिकून राहतो. मात्र या प्रक्रियेने न पचणारा स्टार्च वाढतो तो थोडाच. गार भात खाल्ला म्हणजे साखर वाढतच नाही, असा समज मधुमेही व्यक्तीने करून घेऊ नये. शिवाय शिजवलेला भात तासन्‌तास बाहेर ठेवून गार करू नये, कारण त्यात बॅसिलस सेरिअस वाढतो आणि त्याचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. पसरट भांड्यात काढून, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा.

कडधान्यांबाबत आपल्याला काय हवे ते ठरवावे लागते. रात्रभर भिजवून ते पाणी फेकून दिले की वात करणाऱ्या शर्करांचा काही भाग पाण्याबरोबर जातो, मोड आणले की आणखी घटतो. ज्याचे पोट नाजूक आहे त्याने तसेच करावे. मागे उरते तेही जिवाणूंना पुष्कळ असते. ज्याला सवय आहे त्याने फार खटपट करू नये. कांदा-लसूण परतल्याने फ्रुक्टने फारशी नाहीशी होत नाहीत, पण पाण्यात उकळले तर ती पाण्यात उतरतात, तेव्हा ते पाणी रश्शात राहू द्यावे.

पाचवी पायरी : प्रमाण, आणि माझी चूक

पूड घ्यायचीच असेल तर डब्यावरचे घटक वाचावेत. इन्युलिन, ऑलिगोफ्रुक्टोज, चिकोरी मुळाचे तंतू ही नावे एकाच कुळाची आहेत. गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड दुधातील लॅक्टोजपासून बनवतात, म्हणून दुधाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तिथे थांबून विचारपूस करावी.

पहिल्यांदा इन्युलिन आणले तेव्हा मी सगळे वाचले होते आणि काहीच पाळले नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने चिकोरी इन्युलिनचे दिवसाला १२ ग्रॅम हे प्रमाण शौचाची नियमितता राखण्यासाठी मान्य केले आहे, एवढे डोक्यात होते. म्हणून पहिल्याच संध्याकाळी तेवढे तोलून पेल्यात ढवळले आणि एका दमात प्यालो. चव जेमतेम गोड, पाणी किंचित गढूळ, त्रास देईल असे त्यात काही दिसत नव्हते. मध्यरात्री पोट नगाऱ्यासारखे ताणले होते आणि पहाटेपर्यंत आतून कोणीतरी जड सामान सरकवत असल्यासारखे आवाज येत होते. प्रमाण चुकीचे नव्हते. चुकला होता तो वेग, कारण त्या खाद्याची सवय असलेले जिवाणू अजून संख्येने वाढलेले नव्हते.

रीत अशी ठेवावी. पहिला आठवडा दिवसाला २ ते ३ ग्रॅम, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा, तोही जेवणाबरोबर. नोंदवही शांत असेल तर दर आठवड्याला २ ग्रॅम वाढवावेत. ५ ग्रॅमच्या पुढे गेल्यावर दिवसाचे प्रमाण दोन वेळांत विभागावे. बहुतेकांना ५ ते १० ग्रॅमच्या दरम्यान आपली जागा सापडते आणि तिथे थांबायला हरकत नसते. अधिक घेतल्याने अधिक लाभ होतो असे नाही: २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात इन्युलिन दिवसाला ३० ग्रॅमपर्यंत नेल्यावर काही जणांत दाह दर्शवणारे घटक वाढलेले आढळले. पाणी नेहमीपेक्षा थोडे जास्त प्यावे.

अन्नातून वाढवतानाही हाच हिशेब लागू आहे. सवय नसताना एका दिवसात तीन वाट्या कडधान्य खाल्ले तर पुडीसारखाच अनुभव येतो.

सहावी पायरी : पोटातला वारा वाचायला शिका

आंबवण्याच्या क्रियेत हायड्रोजन आणि कार्बन डायॉक्साइड तयार होतात, काही जणांच्या आतड्यात मिथेनही. थोडा वारा सुटणे हे काम चालू असल्याचे चिन्ह आहे आणि दोन-तीन आठवड्यांत ते सहसा ओसरते. मात्र फुगणे, मुरडा किंवा पातळ शौच तीन दिवस टिकले, तर शेवटी जिथे ठीक वाटत होते त्या प्रमाणावर मागे यावे आणि दोन आठवडे तिथेच राहावे. खाल्ल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पोट फुगत असेल तर सहसा नुकत्याच गिळलेल्या घासाचे आंबवण अजून सुरूही झालेले नसते. दोष भरभर खाण्याचा किंवा आधीच्या जेवणाचा असू शकतो.

किती वाट पाहावी

जिवाणूंची संख्या फार लवकर हलते. आहार मुळापासून बदलला तर काही दिवसांतच त्यांच्या रचनेत फरक दिसतो, आणि इन्युलिनने बिफिडोबॅक्टेरिया एक-दोन आठवड्यांत वाढलेले अनेक चाचण्यांत दिसले आहेत. ज्यांच्याकडे ते मुळात कमी होते त्यांच्यात वाढ बहुधा जास्त दिसते. पण खाणे थांबवले की संख्या पूर्वपदावर येते. शौचाच्या सवयीवरचा परिणाम पाहायला चार आठवडे द्यावेत. घरी नमुना घेऊन पाठवायच्या महागड्या मळतपासण्यांच्या नादी लागू नये असे माझे मत आहे, कारण त्यांच्या अहवालावरून काय खावे हे ठरवता येईल इतके ज्ञान अजून हाती आलेले नाही.

२०२१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ३६ निरोगी प्रौढांना दोन गटांत विभागून दहा आठवडे एकाला तंतुसमृद्ध आणि दुसऱ्याला आंबवलेल्या पदार्थांचा आहार दिला. जिवाणूंची विविधता वाढली ती आंबवलेल्या पदार्थांच्या गटात. तंतूंच्या गटात ती सरासरीने वाढली नाही, जरी कर्बोदके फोडणाऱ्या विकरांची क्षमता वाढली. प्रीबायोटिकांच्या जाहिराती हा तपशील सांगत नाहीत. जे जिवाणू उरलेच नाहीत त्यांना खाद्य पुरवून परत आणता येत नाही, असा एक अर्थ त्यातून निघू शकतो, आणि म्हणून ताटात दोन्ही असावेत.

कोणी थांबावे

आतड्याच्या अतिसंवेदनशीलतेचा त्रास असणाऱ्यांना फ्रुक्टने आणि कडधान्यांतील शर्कराच सर्वाधिक छळतात. त्यांच्यासाठी मोनॅश विद्यापीठाने विकसित केलेला आहार काही आठवडे हे पदार्थ काढून मग एकेक करून परत आणतो. हा परत आणण्याचा टप्पा गाळू नये. काढलेल्या स्थितीतच राहिल्यास बिफिडोबॅक्टेरिया घटतात असे आढळले आहे. लहान आतड्यात जिवाणूंची अतिवाढ, आतडे अरुंद झालेले असणे, आतड्याच्या दाहक विकाराचा उद्रेक, नुकतीच झालेली पोटाची शस्त्रक्रिया, यांपैकी काही असेल तर वैद्यकीय सल्ल्याशिवाय प्रमाण वाढवू नये. मळातून रक्त जाणे, कारण नसताना वजन उतरणे, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी, किंवा पन्नाशीच्या आसपास शौचाची सवय अचानक बदलणे ही लक्षणे असल्यास आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्यावी, आणि डॉक्टरांकडे जाताना ती चार रकान्यांची वही बरोबर न्यावी.